सव्वाचार इंच जागा

समोरच्या ब्लॉकमधल्या उस्मानभाईंची आणि माझी खरी ओळख माझ्या पायाच्या करंगळीमार्फत झाली. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं आणि चपलांच्या लाकडी स्टँडवर पाय आपटला. आदल्या दिवशी तो स्टँड त्यांच्या दाराच्या डाव्या हाताला होता. त्या दिवशी तो आमच्या उंबऱ्याशी येऊन बसला होता. तिसऱ्या दिवशी तो त्यांच्या दाराच्या उजवीकडे गेला, चौथ्या दिवशी मीटरच्या पेटीखाली. मला वाटलं, झाडूवाली सरकवत असेल. पण ती म्हणाली, "मी नाय वो बाई, ते चाचाच सरकवतात. रोज उठून."

मी गणिताची शिक्षिका. निवृत्त झाले तरी स्वभाव निवृत्त होत नाही. माझ्या घरात जिथली वस्तू तिथं. दिवे गेले तरी कात्री, मेणबत्ती, चष्मा अंधारात हाताला लागलाच पाहिजे, असा माझा दंडक. या दंडकापायी माझ्या यजमानांनी हयातभर बोलणी खाल्ली. आता ते नाहीत, पण त्यांचा चष्मासुद्धा अजून ठरलेल्या खणात आहे. अशा बाईच्या समोर हा माणूस राहायला यावा, हा काय योग म्हणायचा!

करंगळी ठणकत असतानाच मी त्यांची बेल वाजवली. उंच, काटकुळे, मान उन्हानं कायमची विटकरी झालेली, आणि अनवाणी. पायांची बोटं अशी फाकलेली की जन्मात बुटात गेली नसावीत.

"उस्मानभाई, हा स्टँड एका जागी राहील का?"

"का बाई?"

"का म्हणजे? पाय आपटतो."

त्यांनी माझ्या पायाकडे न बघता फरशीकडे बघितलं. "एकाच जागी रोज पाय पडला की जमीन मरते, बाई," ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

"ही मोझॅकची फरशी आहे. ती आधीच मेलेली आहे."

"सवय हो, बाई. सव्वीस वर्षांची सवय." एवढं बोलून त्यांनी स्टँड चार बोटं पलीकडे सरकवला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अलीकडे आणला.

त्यांच्या घरात माझं जाणंयेणं जुनंच, पण ते राहायला आल्यावर आत गेले तेव्हा कळलं की बाहेरचा स्टँड म्हणजे काहीच नव्हे. खुर्च्या रोज फिरायच्या. टीपॉय फिरायचा. टीव्ही वायर पुरेल तितका फिरायचा. नमाजाची दिशा तेवढी कायम, पण जानमाजाची चटई आज खिडकीशी तर उद्या कपाटाशी. मच्छी मार्केटला जायला पनवेलात जेवढ्या गल्ल्या आहेत त्या सगळ्या ते पाळीपाळीनं वापरायचे. त्यांची बायको, मरियमभाभी, या बाबतीत फार बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "काल बसले ती खुर्ची आज तिथं नाय, बाई. मी आपली जमिनीवर बसते. जमीन कुठं जात नाय." आणि हसल्या. त्या हसण्यामागे काय आहे हे आमच्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. ते पुढे सांगते.

पनवेलला गल्फहून परतलेला माणूस नवा नाही. प्रत्येक गल्लीत एखादा सापडतो. त्याच्याकडे अत्तर असतं, जाड ब्लँकेट असतं, आणि तिथल्या इमारती किती उंच आहेत याच्या गोष्टी असतात. दोन हजार नऊ साली उस्मानभाई कायमचे परत आले तेव्हा सगळे त्याच तयारीनं त्यांच्याकडे बसायला गेले. उस्मानभाईंनी चहा दिला आणि गवतावर बोलायला सुरुवात केली. अर्ध्या तासानं निम्मे लोक उठले.

ते तिकडे गोल्फच्या मैदानावर गवत सांभाळायचे. समुद्रकाठचं शहर, दुनियेभरचे लोक सुट्टी घालवायला यायचे. "म्हणजे ते टीव्हीवर दाखवतात तसं मैदान?" असं कुणी विचारलं की उस्मानभाईंचा चेहरा आंबट व्हायचा. टीव्हीवरचं ते मोठं मैदान, ते श्रीमंतांचं. त्यांनी काम केलं ते तीन लहान मैदानांवर, जिथं तिकीट काढून कुणीही खेळू शकायचं. दवाखान्यातल्या नर्सा, ऑफिसातले कारकून, दुकानातले फिलिपिनो, स्वस्तातल्या हॉटेलात उतरलेले पाहुणे. त्या मैदानांची नावं नकाशावरसुद्धा बारीक अक्षरात असतील. उस्मानभाईंनी त्यांना स्वतःची नावं ठेवली होती: रेतीवालं, गटारवालं आणि खारं.

रेतीवाल्या मैदानावर गवताची काडी नव्हती. प्रत्येक खेळणारा काखेत पाटाएवढा हिरव्या चटईचा तुकडा घेऊन हिंडायचा. बॉल जिथं पडेल तिथं चटई टाकायची, तिच्यावर बॉल ठेवायचा आणि मारायचा. शेवटी जिथं तो होलमध्ये घालायचा, ती जागा म्हणजे तेल घालून दाबलेली वाळू. प्रत्येक टोळी खेळून गेली की उस्मानभाई रुंद झाडू घेऊन तिथली पावलं पुसायचे. "चार वर्षं मी लोकांची पावलं पुसली, बाई. पण मजा होती. पाऊल बघून सांगायचो, हा जिंकला की हरला."

"ते कसं?"

"हरलेला माणूस टाच रुतवून चालतो."

मी दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या टाचा निरखून पाहिल्या. फारसं काही कळलं नाही.

गटारवालं मैदान शहराच्या सांडपाण्यावर पोसलेलं. पाणी साफ केलेलं असायचं, पण संध्याकाळी वारा पडला की नाकाला रुमाल. नवे पाहुणे पहिल्या होलला पैसे परत मागायचे आणि नवव्या होलपर्यंत विसरून जायचे, कारण तिथल्यासारखं गवत त्या शहरात दुसरीकडे नव्हतं. "मोठ्या मैदानाचे साहेब चोरून बघायला यायचे," असं सांगताना उस्मानभाईंची छाती जरा पुढे यायची.

पण त्यांचा जीव जडलेला तो खाऱ्यावर. अगदी समुद्राला लागून. होल नऊ, पण भरतीला दोन पाण्याखाली. मग दारावर पाटी लागायची, आज सात. भरतीचा कागद ऑफिसात असायचा, पण मैदानावरच्या इतर माळ्यांना तो वाचता येत नसे आणि साहेबांना त्याची आठवण राहात नसे. उस्मानभाई मूळचे उरणकडचे. चंद्राची तारीख बोटांवर आणि भरतीची वेळ डोक्यात. आठ दिवस तिथलं पाणी बघून त्यांनी आपला हिशोब बसवला आणि साहेबाला आदल्या संध्याकाळी सांगायला लागले, उद्या सात की नऊ. त्याच्या जोरावर त्यांना बढती मिळाली. तिथं खेकडेही फार. बॉल खेकड्याच्या बिळात गेला तर तो होल धरायचा की नाही, यावरून दोन गोऱ्यांची मारामारी होता होता राहिली. उस्मानभाईंना पंच केलं. त्यांनी निकाल दिला: बीळ खेकड्याचं, त्यामुळे बॉल पण खेकड्याचा. दोघांनी मारा पुन्हा.

बढती मिळाली म्हणजे काय, तर होल कापायचं काम मिळालं. हे काम मला त्यांनी टीपॉयवरची बिस्किटं हलवून हलवून समजावलं. होल एका जागी ठेवत नाहीत. रोज तिथंच लोक वाकले, उभे राहिले, तर भोवतालचं गवत मरतं. म्हणून रोज उजाडायच्या आत नव्या जागी सव्वाचार इंचांचा गोल कापायचा, आणि तिथून निघालेला गवताचा गड्डा कालच्या भोकात बसवायचा. पाणी मारायचं. "आठ दिवसांत गवताला आठवत पण नाही, बाई, होल कुठं होता."

आता मला स्टँडचा उलगडा झाला. करंगळीचा राग थोडा कमी झाला.

"सव्वीस वर्षांत तुम्ही स्वतः किती खेळलात?" मी विचारलं.

"एकदा पण नाही."

"एकदासुद्धा बॉल मारला नाही?"

"होल कापणारानं मारायचं नसतं. त्याला जागा ठाऊक असते ना." बॉल मारायची एक लोखंडी काठी मात्र त्यांच्याकडे होती. खाऱ्यावर दर शुक्रवारी येणारी एक नर्स मायदेशी परतताना त्यांना देऊन गेली होती. ती कपाटाच्या मागे उभी असायची, आणि तिचीही जागा रोज बदलायची.

मरियमभाभींनी यातलं काही पाहिलं नव्हतं. उस्मानभाईंच्या पगारावर बायकोला तिकडे नेता येत नसे. दोन वर्षांनी एकदा दीड महिना ते इकडे यायचे, सोबत फोटोंचा अल्बम. अल्बममध्ये सगळे फोटो गवताचे. माणूस एकाही फोटोत नाही. "ह्यांच्या हिरव्या फोटूंत मी काय बघू?" भाभी म्हणायच्या. "एकदा खरं बघायचं होतं. सव्वीस वरसं माणूस कशासाठी लांब राहिला, ते." परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात उस्मानभाईंनी त्यांना शब्द दिला की आपण इथंच एक ग्रीन करू. पूर्ण मैदान नाही, फक्त शेवटचा गवताचा तुकडा, होलवाला. मग बघ.

आणि इथंच सगळा घोळ होता. भाभींची नजर जात होती.

साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब केले होते. उस्मानभाई तिकडे असताना मीच भाभींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जायची. लेझर झालं, सुया झाल्या. उजवा डोळा जवळजवळ गेला होता आणि डाव्याचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी माझ्या समोर सांगितलं. रिक्षात बसल्यावर भाभींनी माझा हात धरला. "ह्यांना फोनवर बोलू नका, बाई. नोकरी टाकून येतील." मी शब्द दिला. ते कायमचे आल्यावर मी म्हटलं, आता सांगा. तर म्हणाल्या, "सांगते. ते गवत तेवढं होऊ दे. आत्ता कुठं माणूस खूश हाय."

त्या दिसत नसल्याचं लपवायला इतक्या हुशार होत्या की जन्मभर पोरांच्या लबाड्या पकडलेल्या मलाही लाज वाटावी. भिंतीला बोटं लावत चालायच्या, पण लाडानं भिंत कुरवाळल्यासारख्या. घरात सकाळी काय कुठं गेलं ते उस्मानभाई बाहेर पडल्यावर हातांनी चाचपून ठेवायच्या. बाहेरचं मात्र मला विचारायच्या. सकाळी मी दार उघडलं की समोरून हळूच आवाज यायचा, "बाई, आज स्टँड कुठं हाय?" मी सांगायची, जिन्यापाशी. किंवा मीटरखाली. हा आमचा रोजचा परिपाठ झाला. नडगीवरचे काळेनिळे डाग साडीखाली झाकलेले असायचे. मला दोन-तीनदा वाटलं, सांगून टाकावं. शब्द दिला होता म्हणून गप्प बसले. तो शब्द मी पाळायला नको होता, असं आता वाटतं.

इकडे ग्रीनचं काम जोरात. आमच्या इमारतीमागे पाटलांची रिकामी जागा होती. पाटील म्हणजे मूळचे कोन गावचे शेतकरी, रस्त्यात जमीन गेली तेव्हापासून बिल्डर. विमानतळ येणार, विमानतळ येणार म्हणून जो तो जागा दाबून बसला होता, तसे तेही बसले होते. उस्मानभाई परवानगी मागायला गेले तर पाटील म्हणाले, "लावा लावा. पुढल्या वर्साला बांधकाम काढनार हाय, तवा मात्र उठायचं. काय लावताव? गुलाब?"

"हरळी."

पाटलांच्या हातातला कप खाली आला. "हरळी? अवो, आमच्या बापानं, आज्यानं, सगल्यांनी जल्मभर हरळी उपटली. पाठी मोडल्या आमच्या. आन् तुमी ती लावताव?"

"तिकडे तीच असते, पाटीलसाहेब. साहेब लोक तिच्यावर चपला काढून चालतात."

"मंग आमी येडे," पाटील म्हणाले आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.

उन्हाळाभर उस्मानभाईंनी जमीन सपाट केली. सपाट म्हणजे आपल्याला सपाट. त्यांच्या म्हणण्यानुसार तिला हलकासा उतार होता, तो डोळ्यांनी दिसत नाही, तळपायाला कळतो. ते डोळे मिटून अनवाणी त्या जागेवर येरझारा घालायचे आणि इमारतीतल्या बायका गच्चीतून बघायच्या. कळंबोलीच्या लोखंड बाजारात जाऊन त्यांनी होल कापायला पाइपाचा तुकडा धार लावून आणला. तिथल्या व्यापाऱ्यानं विचारलं, कशाला पाहिजे. हे म्हणाले, खड्डा पाडायला. तो म्हणाला, चाचा, पळस्प्याच्या हायवेवर जा, तिथं तयार मिळतील. पावसाळ्यात हरळीच्या काड्या टोचल्या. श्रावणापर्यंत सगळं हिरवं झालं.

मग म्हैस आली. पाटलांच्या भावाची. सकाळी उस्मानभाई पाहतात तो म्हैसबाई ग्रीनच्या मधोमध उभी, शांतपणे चरत. मी वरून पाहिलं आणि म्हटलं, आता हा माणूस रडणार. पाटील धावत आले. "गवत हाय, म्हशीनं खाल्लं, आता तिला काय समजावनार," असं काहीतरी पुटपुटू लागले. उस्मानभाई उकिडवे बसले, गवतावरून तळहात फिरवला आणि मान वर करून म्हणाले, "जरा जास्तच खाली कापलंय. पण एकसारखं कापलंय." त्यानंतर दोन दिवस माती उकरायचा काटा घेऊन ते खुरांचे खड्डे उचलत बसले. म्हशीबद्दल वाईट शब्द नाही.

गणपतीत आमच्याच बायकांनी हल्ला केला. हरळी म्हणजे दूर्वा, आणि तीही घराच्या मागे, एवढी कोवळी! एकवीस जुड्यांसाठी सगळ्या खाली उतरल्या, त्यात मीही होते. उस्मानभाई कडेला उभे राहून हात जोडून सांगत होते, "तोडा, बिनधास्त तोडा. फक्त एका जागेवरून नको. फिरून फिरून तोडा." त्या वर्षी आमच्या इमारतीतले सगळे गणपती गोल्फच्या दूर्वांवर बसले.

भाभी गॅलरीत खुर्ची टाकून ऐकत असायच्या. "हिरवं दिसतंय का, बाई?" मला विचारायच्या. मी म्हणायची, दिसतंय. "मला पण दिसतंय. उजेड पडल्यासारखं." डाव्या डोळ्यात तेवढंच उरलं होतं. मी मनातल्या मनात गवताला म्हणायची, बाबा रे, आवर लवकर.

दिवाळीनंतरचा तो आठवडा मी विसरत नाही. बहिणीकडे दोन दिवसांसाठी पुण्याला गेले होते. उस्मानभाईंनी त्या सकाळी नेहमीप्रमाणे स्टँड हलवला आणि खाली गेले. गवत तयार झालं होतं. त्यांनी पहिला होल कापला, काठीला लाल फडका बांधून ती त्यात उभी केली, आणि तिथूनच हाक मारली, "मरियम, ये! बघ ये!"

इतकी वर्षं ज्या हाकेची वाट पाहिली ती आली. भाभी घाईनं उठल्या. समोर माझं दार बंद होतं, स्टँड कुठं आहे हे सांगायला कुणी नव्हतं. तो जिन्याच्या तोंडाशी होता.

मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. पाटलांनी फोन केला आणि मी दुपारपर्यंत परत आले. दवाखान्यात उस्मानभाई बाकावर बसले होते. पायांना माती तशीच. डॉक्टरांनी त्यांना डोळ्यांचं सांगितलं होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं, बाई?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

मला वाटलं, ओरडतील. ओरडायला हवं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मी रोज हलवायचो. मग ती चालायची कशी?"

मी सगळं सांगितलं. हातानं चाचपणं, नडगीचे डाग, सकाळचा आमचा परिपाठ. त्यांनी ओंजळीत तोंड झाकलं आणि म्हणाले, "मी रोज तिची वाट मोडली, बाई. रोज उठून मोडली." सहा फुटांचा तो माणूस हमसून हमसून रडला.

भाभी घरी आल्या त्या दिवशी स्टँड दाराच्या डाव्या हाताला होता. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशीही. मी रोज दार उघडून बघायची. आठ दिवस झाले, स्टँड तसूभर हलला नाही. आत खुर्च्या तिथंच, टीपॉय तिथंच, जानमाज खिडकीशी म्हणजे खिडकीशीच. मला हवं होतं ते सगळं झालं होतं. माझी करंगळी सुखरूप झाली. पण खरं सांगते, मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. कुणाचं तरी गाणं मधेच थांबवावं तसं ते घर वाटायचं. एकदा झाडूवालीनं स्टँड पुसताना वीतभर सरकवला, तर मीच धावत जाऊन जागेवर ठेवला.

ग्रीन मरून गेलं असेल, असं मी धरून चालले होते. दवाखान्याच्या गडबडीत कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. खाली जाऊन पाहते तर हिरवंगार. पाटील पाइप धरून उभे.

"आमी पानी मारलं," ते ओशाळून म्हणाले. "आमच्या खानदानात हरळीला पयल्यांदा पानी मारलं, बाई. बापानं वरून बघितलं असंल तर शिव्या घातल्या असतील." पुढल्या वर्षाचं बांधकाम त्यानंतर तीन वर्षं पुढल्याच वर्षी राहिलंय.

प्लास्टर निघाल्यावर एका सकाळी उस्मानभाई भाभींना हाताला धरून खाली घेऊन गेले. मी गॅलरीतून पाहात होते. डावा डोळाही तोवर विझला होता. ग्रीनच्या कडेला त्यांनी भाभींच्या चपला काढल्या आणि हात सोडला. भाभी उभ्या राहिल्या. मग एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. अर्ध्यावर जाऊन थांबल्या, तळपाय गवतावर पुढेमागे घासला. "हे होय," एवढंच म्हणाल्या. मग तिथंच खाली बसल्या आणि हातानं गवत चाचपत राहिल्या. उस्मानभाई कडेला उभे, परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखे.

"कसं आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुमच्या फोटूंपेक्षा बरं हाय," भाभी म्हणाल्या.

तेव्हापासून तो त्यांचा रोजचा नेम झाला. सकाळची उन्हं आली की दोघं खाली. नर्सनं दिलेली ती काठी आता भाभींच्या हातात असते. कडेपासून अकरा पावलं मोजत होलपर्यंत जायचं, जागा पायानं बघायची, पाच पावलं मागे यायचं आणि बॉल मारायचा.

"गेला?"

"नाही. डावीकडे, चार बोटं."

ते कधी खोटं बोलत नाहीत. भाभी पुन्हा मारतात. कधी सातव्यांदा, कधी दहाव्यांदा बॉल आत पडतो आणि डब्यात सुपारी पडल्यासारखा आवाज येतो. तेव्हा त्यांना विचारावं लागत नाही.

गेल्या महिन्यात मी देवासाठी दूर्वा घ्यायला उतरले होते. भाभी नुकत्याच वर गेल्या होत्या. पहिल्यांदाच होलच्या जवळ जाऊन पाहिलं आणि चमकले. सुपाएवढी जागा पार उजाड झाली होती. गवत गेलेलं, खाली माती चकाकत होती. होल पहिल्या दिवशी कापला होता तिथंच होता. एवढ्या वर्षांत एकदाही हलला नव्हता.

उस्मानभाई पाण्याचा पाइप गुंडाळत होते. मला राहवलं नाही. "उस्मानभाई, एकाच जागी रोज पाय पडला की..."

"मरते, बाई," ते म्हणाले. "मेलीच ती जागा."

"मग होल हलवा थोडा. मी सांगेन ना त्यांना रोज, पूर्वी स्टँडचं सांगायची तसं."

त्यांनी मान हलवली. पाइप खाली ठेवला, डोळे मिटले आणि अनवाणी पायांनी हिरव्यातून हळूहळू चालत आले. उजाड जागेच्या काठावर त्यांचा पाय थांबला. तसेच डोळे मिटून म्हणाले, "इथं गवत संपतं, बाई. म्हणून तर तिला कळतं, होल आला."